शेकडो जॉब, एकच व्हॅल्यू: पॅरम फाइलींचा पसारा कसा आवरायचा

ऐरोलीच्या आमच्या ऑफिसात रात्रीची बॅच साडेदहाला सुरू होते. काम एका विमा कंपनीचं: पॉलिसी, प्रीमियम, क्लेम, एजंटांचं कमिशन. इन्फॉर्मॅटिका पॉवरसेंटर या डेटा इकडून तिकडे नेणाऱ्या टूलवर तीनशेच्या वर वर्कफ्लो, म्हणजे आमच्या भाषेत जॉब. मी या टीममध्ये आले तेव्हा जवळजवळ प्रत्येक वर्कफ्लोची स्वतःची पॅरामीटर फाइल होती, म्हणजे जॉबला लागणारे पाथ, तारखा वगैरे व्हॅल्यू लिहिलेली फाइल. आम्ही सगळे तिला पॅरम फाइलच म्हणतो, इथेही तेच म्हणेन. सोर्स फाइली जिथे येतात त्या एका फोल्डरचा पाथ ६१ फाइलींमध्ये हाताने लिहिलेला होता.

मग फाइल सर्व्हर बदलला. आम्ही शोधून-बदलून ते सगळे पाथ नवे केले आणि घरी गेलो. तीन राहिले. दोन फाइलींत पाथच्या मध्ये चुकून दोन तिरक्या रेघा पडल्या होत्या. युनिक्सला त्याने फरक पडत नाही, म्हणून जॉब वर्षानुवर्षं चालत होते, पण आमच्या शोधात त्या ओळी सापडल्या नाहीत. तिसऱ्या फाइलीत कुणीतरी सिमलिंकचा (त्याच फोल्डरकडे नेणाऱ्या दुसऱ्या नावाचा) आडवाटेचा पाथ दिला होता. जुन्या सर्व्हरचं माउंट, म्हणजे त्याची जोडणी, अजून काढलेलं नव्हतं आणि तिथे मागच्या महिन्याच्या फाइली तशाच पडल्या होत्या. ते तिन्ही जॉब त्या रात्री मॉनिटरवर हिरवे झाले. तिसऱ्या दिवशी एका शाखेतून फोन आला की कमिशनचे आकडे मागच्या महिन्याचेच दिसतायत.

जॉब फेल झाला असता तर रात्री बाराला फोन वाजला असता आणि एकपर्यंत काम आटोपलं असतं. चुकीच्या व्हॅल्यूवर यशस्वी झालेला जॉब तीन दिवस कुणालाच दिसत नाही. पुढे जे सांगते आहे ते सगळं या एका अनुभवातून आलेलं आहे.

आधी मोजदाद

नवी रचना मनात आखण्याआधी आहे ते एका तक्त्यात उतरवा. प्रत्येक पॅरम फाइल वाचून चार रकाने भरायचे: फाइलचं नाव, सेक्शनचं हेडिंग, पॅरामीटरचं नाव, व्हॅल्यू. ऑक किंवा पायथनमध्ये हे पंचवीस-तीस ओळींचं काम आहे. तक्ता एकदा नावाप्रमाणे लावून बघा, एकदा व्हॅल्यूप्रमाणे. व्हॅल्यूप्रमाणे लावलेला जास्त बोलतो. आमच्याकडे एकाच पाथला पाच नावं निघाली, कारण पाच वेगवेगळ्या वर्षांत पाच वेगवेगळ्या माणसांनी मॅपिंग (डेटा कुठून कुठे, कसा जाईल याची मांडणी) लिहिली होती. आणि एकाच नावाला तीन वेगळ्या तारखा होत्या, त्यातली एक दोन वर्षं जुनी.

या तक्त्यात पासवर्ड दिसले तर बाकी सगळं बाजूला ठेवून ते आधी हलवा. पॉवरसेंटरमध्ये कनेक्शन ऑब्जेक्ट रेपॉझिटरीत, म्हणजे टूलच्या स्वतःच्या डेटाबेसात, असतो, युजर-पासवर्ड त्यातच राहतात. पॅरम फाइलीत फक्त कनेक्शनचं नाव द्यायचं असतं.

टूल फाइल कशी वाचतं

बहुतेक घोळ इथे होतात, म्हणून जरा सावकाश सांगते.

फाइल साधी टेक्स्ट असते. चौकोनी कंसात हेडिंग आणि त्याखाली नाव, बरोबरचं चिन्ह, व्हॅल्यू. सर्वांत रुंद हेडिंग ग्लोबल. त्याखाली सर्व्हिसचं, मग फोल्डर आणि वर्कफ्लोचं, मग वर्कलेटचं (वर्कफ्लोतला कामांचा एक गट), आणि सर्वांत अरुंद सेशनचं (एक मॅपिंग चालवणारं काम). एकच पॅरामीटर दोन हेडिंगांखाली असेल तर अरुंद हेडिंग जिंकतं. हे बहुतेकांना माहीत असतं.

पण ‘ग्लोबल’ या शब्दाने नवीन मुलं हमखास फसतात. ग्लोबल म्हणजे सगळ्या जॉबना लागू, असं त्यांना वाटतं. ते लागू होतं फक्त त्या फाइलीपुरतं. दुसरा वर्कफ्लो दुसरी फाइल वाचत असेल तर त्याला या ग्लोबलचा पत्ताही नसतो. सोसायटीच्या गच्चीवरच्या टाकीसारखं आहे ते. आमच्या बिल्डिंगची टाकी आमच्या सगळ्या घरांना पाणी देते, शेजारच्या बिल्डिंगला नाही.

मग साहजिकच मनात येतं की एक सामाईक फाइल करू, एक जॉबची फाइल करू, आणि रनच्या आधी कॅट कमांडने दोन्ही चिकटवू. आम्हीही तेच केलं होतं. सामाईक फाइलीत ग्लोबल हेडिंग, जॉबच्या फाइलीतही ग्लोबल हेडिंग, चिकटवलेल्या फाइलीत ते दोनदा आलं. एकसारखं हेडिंग दोनदा आलं तर पॉवरसेंटर पहिल्याखालचा मजकूर घेतं आणि दुसऱ्याखालचा सोडून देतं. जॉब पडत नाही, चालतो. म्हणून फाइली नुसत्या चिकटवायच्या नाहीत, सेक्शननुसार एकत्र करायच्या. प्रत्येक हेडिंग तयार फाइलीत एकदाच आलं पाहिजे.

पॅरम फाइलचं नाव वर्कफ्लोच्या प्रॉपर्टीत देता येतं आणि सेशनच्याही. दोन्हीकडे दिलं तर वर्कफ्लोचं चालतं. पीएमसीएमडी या पॉवरसेंटरच्या कमांडने वर्कफ्लो सुरू करताना पॅरमफाइल हा पर्याय दिला तर तो वर्कफ्लोच्या प्रॉपर्टीवर मात करतो. आम्ही नियमच केला आहे की फाइलचं नाव शेड्युलरच्या (ठरल्या वेळी जॉब सुरू करणाऱ्या प्रोग्रॅमच्या) कमांडमधूनच जाईल आणि प्रॉपर्टीतल्या जागा रिकाम्या राहतील. नाहीतर वर्कफ्लो मॅनेजरमध्ये एक नाव दिसतं आणि प्रत्यक्षात दुसरीच फाइल वाचली जाते.

आता मॅपिंग व्हेरिएबल. इन्क्रिमेंटल लोडमध्ये (मागच्या रननंतरचा नवा डेटाच उचलणं) शेवटच्या रनची तारीख व्हेरिएबलमध्ये ठेवतात आणि सेशन यशस्वी झालं की पॉवरसेंटर ती रेपॉझिटरीत जपून ठेवतं. पुढच्या रनला व्हॅल्यू शोधताना मात्र ते सर्वांत आधी पॅरम फाइल बघतं, मग सेशनच्या आधी केलेली असाइनमेंट, मग रेपॉझिटरीत जपलेली व्हॅल्यू, मग मॅपिंगमधली सुरुवातीची व्हॅल्यू, आणि काहीच नसेल तर डेटाटाइपची डीफॉल्ट. कुणी एखाद्या रात्री जुना डेटा पुन्हा ओढण्यासाठी ती तारीख पॅरम फाइलीत लिहिली आणि काढायला विसरला, तर त्या दिवसापासून जॉब रोज त्याच तारखेपासून डेटा उचलत राहतो. दर रात्री थोडा जास्त. रनटाइम हळूहळू वाढतो आणि सगळे डेटाबेसवाल्यांना दोष देत बसतात. असं व्हेरिएबल सामाईक फाइलीत तर नाहीच, कुठल्याच कायमच्या पॅरम फाइलीत नको.

पॅरामीटर फाइलीत नसेल तरी मॅपिंग तक्रार करत नाही. सुरुवातीची व्हॅल्यू घेतं, ती नसेल तर आकड्यासाठी शून्य, अक्षरांसाठी रिकामी स्ट्रिंग आणि तारखेसाठी १ जानेवारी १७५३. टारगेट टेबलात १७५३ साल दिसलं की मी आधी पॅरम फाइल उघडते. बरोबरच्या चिन्हापुढे काहीच न लिहिणं हेही मॅपिंग पॅरामीटरच्या बाबतीत तसंच वागतं, त्याने व्हॅल्यू ‘रिकामी’ होत नाही. म्हणून सामाईक पाथच्या पॅरामीटरला मॅपिंगमध्ये सुरुवातीची व्हॅल्यू म्हणून चालू शकेल असा पाथ कधीच देऊ नका. आम्ही तिथे अस्तित्वात नसलेल्या फोल्डरचं नाव लिहितो. फाइलीतून व्हॅल्यू आली नाही तर जॉब पहिल्या मिनिटाला फेल होतो, आणि तेच हवं असतं.

प्रत्यक्ष काय वापरलं गेलं ते सेशन लॉगच्या सुरुवातीला कळतं. ओव्हरराइड, म्हणजे बाहेरून दिलेली, व्हॅल्यू वापरली असं सांगणारी ओळ व्हीएआर २७०२८ या कोडने येते, डीफॉल्ट वापरली असं सांगणारी व्हीएआर २७०२७ ने. टीममध्ये नवा माणूस आला की पहिल्या आठवड्यात मी त्याला या दोन ओळी लॉगमध्ये शोधायला लावते.

दोन किरकोळ पण रात्र घालवणाऱ्या गोष्टी. बरोबरच्या चिन्हाच्या आजूबाजूची मोकळी जागा व्हॅल्यूचा किंवा नावाचा भाग धरली जाते. आणि फाइल विंडोजच्या ओळ संपवण्याच्या पद्धतीने सेव्ह झाली की ओळीच्या शेवटी एक न दिसणारं अक्षर चिकटतं. पाथ डोळ्यांना बरोबर दिसतो, कॉपी करून तपासला तरी बरोबर निघतो, आणि जॉब म्हणतो फाइल सापडत नाही. ओडी कमांडने अक्षरं सुटी करून बघितल्याशिवाय ते दिसत नाही.

काय सामाईक करायचं, काय नाही

मोजदादीचा तक्ता हातात आला की उत्साह येतो आणि सारखं दिसेल ते सगळं सामाईक फाइलीत टाकावंसं वाटतं. इथे थांबा.

आमच्याकडे दोन बँकांकडून प्रीमियम भरल्याच्या फाइली येत. दोन्हींत रकान्यांच्या मध्ये उभी रेघ. टीममधल्या एका मुलाने दोघांचं मिळून एकच डिलिमिटर (रकाने वेगळे करणारं चिन्ह) पॅरामीटर केलं. मी त्याला विचारलं, “उद्या एका बँकेने स्वल्पविराम सुरू केला तर दुसरीची फाइल का बदलावी?” तो म्हणाला, “मॅडम, आत्ता तर सारखंच आहे ना.” आत्ता सारखं होतं, पण ते दोन बँकांनी आपापल्या मर्जीने ठरवलेलं होतं.

मी एकच प्रश्न विचारते: ही व्हॅल्यू कधी बदललीच, तर हे सगळे जॉब एकाच वेळी, एकाच कारणासाठी बदलतील का? सोर्स फोल्डरचा मूळ पाथ: हो. बिझनेस डेट, म्हणजे बॅच ज्या दिवसाची धरायची ती तारीख: हो. डेटाबेस कनेक्शनचं नाव: हो. जीएसटीचा दर: हो, पण तो पॅरम फाइलीत मुळात नकोच. ज्या व्हॅल्यूला ‘या तारखेपासून’ असा इतिहास असतो ती टेबलात ठेवायची, नाहीतर जुन्या महिन्याचा रीरन नव्या दराने होतो. कमिट इंटरव्हल (किती ओळींनंतर डेटा पक्का करायचा), बफर साइझ, एकेका जॉबची मर्यादा: नाही, ती जॉबची स्वतःची. दोन सारख्या व्हॅल्यू दोन जागी राहिल्या तर फार नुकसान होत नाही. दोन वेगळ्या गोष्टी एका ओळीला बांधल्या तर मात्र पुढे कुणीही त्या ओळीला हात लावायला घाबरतं.

तीन थर आणि एक स्क्रिप्ट

आमची आजची मांडणी अशी आहे. सर्वांत वर पर्यावरणाचा (एन्व्हायर्नमेंटचा) थर: डेव्ह (डेव्हलपमेंट), यूएटी (वापरणाऱ्यांची चाचणी) आणि प्रॉड (प्रत्यक्ष वापर) यांची एकेक फाइल. तिच्यात पाथ, कनेक्शनची नावं, सर्व्हरची नावं. मधे विषयाचा थर: पॉलिसी, क्लेम, कमिशन. खाली प्रत्येक जॉबचा साचा. साच्यात सामाईक व्हॅल्यू कधीच लिहायची नाही, तिचा फक्त उल्लेख करायचा. साचा असा दिसतो (वाचायला सोपं जावं म्हणून नावं देवनागरीत लिहिली आहेत):

[कमिशन.डब्ल्यूएफ:डब्ल्यूएफ_कमिशन_मासिक]
$$इनपाथ=@@सोर्स_मूळ@@/कमिशन
$$रन_डेट=@@बिझनेस_डेट@@
$$किमान_रक्कम=५००

स्क्रिप्ट साचा वाचते, @@ मधली नावं आधी विषयाच्या आणि मग पर्यावरणाच्या फाइलीत शोधते, व्हॅल्यू भरते आणि तयार फाइल वेगळ्या फोल्डरमध्ये टाकते. जॉब फक्त तयार फाइल वाचतो. एका पाथच्या पाच नावांचा प्रश्नही यातच सुटतो. मॅपिंग उघडून नाव बदलायला टेस्टिंगचे आठवडे लागतात. इथे जुनं इनपाथ आणि नवं सोर्सडिर दोन्ही साच्यांत तसंच ठेवायचं, दोन्ही एकाच सामाईक नावाकडे बोट दाखवतात.

नाव सापडलं नाही तर स्क्रिप्टने तिथेच थांबायचं. रिकामी व्हॅल्यू भरून पुढे जायचं नाही. तयार फाइल आधी तात्पुरत्या नावाने पूर्ण लिहायची आणि मग त्याच फाइलसिस्टममध्ये नाव बदलून जागेवर आणायची, म्हणजे अर्धवट लिहिलेली फाइल कुठल्याही जॉबच्या हाती लागत नाही.

साचे आणि सामाईक फाइली गिटमध्ये, म्हणजे प्रत्येक बदलाची नोंद ठेवणाऱ्या टूलमध्ये. तयार फाइली गिटमध्ये नाहीत, आणि त्यांच्या फोल्डरमध्ये लिहायची परवानगी फक्त बॅचच्या युजरला. माणसांना वाचायची. ही परवानगी काढून घेतली तेव्हा टीममध्ये नाराजी झाली, मला ते समजत होतं. रात्री अडीचला क्लायंट फोनवर असताना फाइल उघडून एक अक्षर बदलणं हा सर्वांत जवळचा रस्ता असतो. पण तो बदल पुढच्या बिल्डला, म्हणजे स्क्रिप्टने फाइली पुन्हा बनवल्या की, पुसला जातो किंवा, त्याहून वाईट, कुणालाही न कळता कायम राहतो.

म्हणून अडीचसाठी वेगळा रस्ता ठेवला आहे. ओव्हरराइड नावाची एक छोटी फाइल असते, ऑनकॉल (त्या रात्री फोन घेणारा) माणूस तिच्यात जॉबचं नाव, पॅरामीटर, व्हॅल्यू, टिकेट नंबर आणि शेवटची तारीख लिहितो. पाचही गोष्टी नसतील तर स्क्रिप्ट ती ओळ घेत नाही. तारीख उलटून गेली की बिल्ड थांबतं आणि ती ओळ काढा किंवा साच्यात कायमची करा, असं सांगतं. इन्क्रिमेंटलची तारीख मागे न्यायची असेल तर तीही इथूनच जाते, एका रात्रीपुरती.

बिझनेस डेट

आमची बॅच मध्यरात्र ओलांडते. प्रत्येक जॉबने सिस्टीमची तारीख घेतली तर पावणेबाराचा जॉब ३१ तारखेचा आणि सव्वाबाराचा १ तारखेचा. महिनाअखेरीला, त्यातही ३१ मार्चला, हे परवडत नाही. म्हणून बॅचचा पहिला जॉब तारीख एकदाच ठरवतो, पर्यावरणाच्या थरात टाकतो, आणि सगळ्या तयार फाइली त्यानंतर बनतात. सर्व्हरची घड्याळं यूटीसीवर असतील तर हे आणखी महत्त्वाचं, कारण आपले पहाटेचे साडेपाच वाजेपर्यंत तिथे कालचीच तारीख असते.

जॉबने रन संपताना सामाईक फाइलीत काही लिहिणं, ‘शेवटचा यशस्वी रन’ वगैरे, पूर्ण बंद करा. दोन जॉब एकाच वेळी संपले की एकाचं लिहिलेलं दुसरा पुसतो. त्यासाठी डेटाबेसात कंट्रोल टेबल असतं.

प्रत्येक रनची तयार फाइल तारीख आणि रन नंबर लावून जपून ठेवा. फाइली किलोबाइटच्या असतात, जागेचा प्रश्न येत नाही. रीरन करायचा असेल तेव्हा आजची नवी फाइल बनवायची की त्या रात्रीची जपलेली वापरायची हे विचारून ठरवा. आम्ही डेटा दुरुस्तीच्या रीरनला नेहमी जपलेलीच वापरतो.

दुसऱ्या टूलवर असाल तर नावं बदलतील. डेटास्टेजमध्ये पॅरामीटर सेट आणि त्यांच्या व्हॅल्यू फाइल, टॅलेंडमध्ये कॉन्टेक्स्ट, एसएसआयएसमध्ये २०१२ च्या आवृत्तीपासून कॅटलॉगमधली एन्व्हायर्नमेंट. सामाईक ठेवायची सोय तिथे टूलमध्येच आहे. काय सामाईक करायचं हा प्रश्न मात्र तिथेही तुम्हालाच सोडवायचा आहे.

बदल करण्याआधीची यादी

एवढं सगळं करायला वेळ नसेल, तर निदान हे एक करा. सामाईक ओळीत बदल केला की सगळ्या तयार फाइली एका बाजूच्या फोल्डरमध्ये बनवा आणि आज चालू असलेल्यांशी डिफ करा, म्हणजे ओळीनुसार फरक काढा. जितक्या फाइली बदलल्या त्यांची यादी आणि संख्या चेंज टिकेटला जोडा. आणि ती यादी बघण्याआधी, ज्याने बदल मागितला त्याला विचारा: तुमच्या मते किती जॉबवर परिणाम होईल? त्याचा आकडा आधी टिकेटवर लिहा.

गेल्या वर्षी फाइल सर्व्हर पुन्हा बदलला. या वेळी बदल एका ओळीचा होता. टीमने आधी मोजून ६३ लिहिले, स्क्रिप्टने ६४ दाखवले. संध्याकाळचे सात वाजले होते, काहींची ठाण्याची गाडी चुकणार होती, आणि एक जास्तच आहे तर बिघडलं काय, असं एकाने म्हटलंही. आम्ही बसलो आणि तो चौसष्टावा शोधला. जुन्या एजंटांच्या थकित कमिशनचा जॉब होता, तीन महिन्यांतून एकदा चालणारा, बंद झाला असं सगळ्यांनी धरलेला. पुढचा रन नऊ दिवसांवर होता. त्याचं नाव यादीत चढवलं, कमिशनच्या टीमकडून होकार घेतला, आणि मग टिकेट पुढे पाठवलं.